आपल्याकडे रेंडर होतो, सहलेखकाकडे अडतो: क्वार्टो टेम्पलेटमधल्या शोधनिबंधाचं समस्या निवारण

लक्षणं ठरावीक असतात. क्वार्टो म्हणजे मजकूर आणि आर भाषेतला कोड एकाच फाइलीत ठेवून त्यातून पीडीएफ बनवणारं साधन. लेखकाच्या लॅपटॉपवर 'क्वार्टो रेंडर' म्हटलं की दोन मिनिटांत पीडीएफ तयार. तोच रेपो (गिटमध्ये ठेवलेलं प्रकल्पाचं फोल्डर) सहलेखकाने उतरवून घेतला की कधी पॅकेज सापडत नाही, कधी पीडीएफची अक्षरजुळणी करणाऱ्या लाटेकची एखादी स्टाइल फाइल. याहून वाईट प्रकार म्हणजे एरर काहीच येत नाही, पण तक्ता ३ मधला आकडा वेगळा निघतो. मग टेम्पलेटला नावं ठेवली जातात, दुसरं टेम्पलेट आणलं जातं आणि महिन्याभराने पुन्हा तेच रडगाणं.

टेम्पलेटचा दोष क्वचितच असतो. एल्सव्हिअर, प्लॉस किंवा एसीएसच्या नियतकालिकांसाठी क्वार्टोची जी तयार टेम्पलेटं मिळतात, ती मांडणी देतात: शीर्षक, लेखकांची यादी, संदर्भांची शैली, समासाची रुंदी. निकाल पुन्हा जसाच्या तसा निघेल याची हमी त्यात कुठेच नसते. ती बाजू आर, आरएन्व्ह (पॅकेजांच्या आवृत्त्या नोंदून ठेवणारं आरचं पॅकेज), डेटा आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) यांनी सांभाळायची असते, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो. त्यातही सगळ्यात जास्त वेळा दोष असतो तो लेखकाच्या स्वतःच्या मशीनवर साचलेल्या जुन्या उरलेल्या गोष्टींचा.

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमन अक्षरांत टंकायची.)

आधी कोरी प्रत चालवून पाहा

एरर वाचून गूगल करण्याआधी हे करा. आरस्टुडिओ बंद करा, सगळं कमिट आणि पुश करा. मग प्रकल्पाच्या फोल्डरबाहेर, तात्पुरत्या जागी, रेपो नव्याने क्लोन करा. त्यात 'अंडरस्कोर-फ्रीझ' नावाचं फोल्डर किंवा नावाच्या शेवटी 'अंडरस्कोर-कॅश' असलेली फोल्डरं आली असतील तर ती उडवा. तिथेच आर उघडून 'आरएन्व्ह::रिस्टोर()' चालवा, म्हणजे नोंदलेली पॅकेजं बसतील. ते पूर्ण झालं की आर बंद करून टर्मिनलमधून 'क्वार्टो रेंडर' द्या. आरस्टुडिओचं बटण वापरू नका.

आता गाडी कुठे अडली ते बघायचं. रिस्टोरमध्येच अडली तर प्रश्न पॅकेजांचा. रेंडर करताना लॉगमध्ये चंक (कोडचे तुकडे) एकेक करून पुढे सरकताना दिसतात आणि शेवटी 'आउटपुट फाइल' म्हणून डॉट-निट-डॉट-एमडी नावाची फाइल येते. ती ओळ येण्याआधी थांबलं तर दोष कोडमध्ये, पाथमध्ये किंवा डेटात. ती ओळ आल्यावर, 'रनिंग झीलाटेक' किंवा तत्सम ओळीनंतर थांबलं तर लाटेक. सगळं सुरळीत झालं पण आकडे तुमच्या पीडीएफशी जुळत नाहीत, तर बहुधा तुमचीच पीडीएफ शिळी आहे.

एक सावधगिरी. आरएन्व्ह पॅकेजं मशीनवरच्या सामायिक कॅशमध्ये ठेवतं आणि रिस्टोर करताना तिथूनच उचलतं. त्यामुळे कोणीतरी गिटहबवरून उडवून टाकलेली पॅकेजची शाखासुद्धा तुमच्याकडे आनंदाने 'रिस्टोर' होते. खरी परीक्षा घ्यायची तर 'आरएन्व्ह-पाथ्स-कॅश' हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल रिकाम्या फोल्डरकडे वळवून रिस्टोर चालवा. वेळ लागतो, पण एकदाच.

फ्रीझ: सगळ्यात फसवी सोय

बहुतेक टेम्पलेटांवरून सुरू केलेल्या प्रकल्पांत कोणीतरी 'अंडरस्कोर-क्वार्टो-डॉट-वायएमएल' या सेटिंगच्या फाइलमध्ये 'एक्झिक्यूट'खाली 'फ्रीझ: ऑटो' घालून ठेवतं, म्हणजे एकदा निघालेले निकाल साठवून पुढच्या रेंडरला तेच वापरायचे. हेतू चांगला असतो. दर वेळी तासभराचं मॉडेल पुन्हा चालवायला नको. पण 'ऑटो' म्हणजे क्वार्टो फक्त क्यूएमडी, म्हणजे निबंधाची मूळ फाइल, बदलली का एवढंच पाहतं. डेटाची सीएसव्ही बदलली, 'सोर्स()'ने ओढलेली आर स्क्रिप्ट बदलली, पॅकेजची आवृत्ती बदलली, यातलं त्याला काहीही कळत नाही. जुनेच निकाल गुपचूप नव्या पीडीएफमध्ये चिकटतात.

त्यात आणखी एक गंमत. फ्रीझ फक्त पूर्ण प्रकल्प रेंडर करताना लागू होतं. एकच फाइल रेंडर केली, म्हणजे 'क्वार्टो रेंडर पेपर.क्यूएमडी', तर कोड दर वेळी चालतो. म्हणून एक सहलेखक एकटी फाइल रेंडर करतो, दुसरी व्यक्ती पूर्ण प्रकल्प रेंडर करते, आणि दोघांचे आकडे वेगळे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि वाद संपत नाही. अशा वेळी आधी विचारायचं ते एवढंच: तुम्ही नेमकी कुठली आज्ञा दिलीत?

शोधनिबंधासाठी आमचं मत सरळ आहे: फ्रीझ वापरू नका. ते अनेक पानांच्या वेबसाइटसाठी ठीक. जड गणित वेगळ्या स्क्रिप्टमध्ये काढा, तिचा निकाल आरडीएस फाइलमध्ये साठवा आणि क्यूएमडीने ती फाइल वाचावी. कोणती पायरी कशावर अवलंबून आहे हे 'टार्गेट्स' पॅकेजला किंवा साध्या मेकफाइलला सांगा. इनपुट फाइल बदलली की नेमकी तेवढीच पायरी पुन्हा चालते. फ्रीझला जे जमत नाही ते हेच.

निटर, म्हणजे चंक चालवणारं आरचं पॅकेज, त्याच्या कॅशचंही तसंच. चंकवर 'कॅश: ट्रू' असेल तर चंकचा कोड बदलला की कॅश मोडतं, डेटा बदलला तर मोडत नाही. कॅश ठेवायचंच असेल तर त्या चंकला 'कॅश.एक्स्ट्रा' हा पर्याय द्या आणि त्याची किंमत 'टूल्स::एमडी५सम()'ने काढलेला डेटा फाइलचा ठसा ठेवा. फाइलचा एक बाइट बदलला तरी कॅश मोडेल. शंका आली तर 'क्वार्टो रेंडर'ला 'कॅश-रिफ्रेश' हा पर्याय जोडून एकदा सगळं ताजं करून घ्या.

'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' हा एररही याच घराण्यातला. कन्सोलमध्ये ओळीओळीने चालवलं तर सगळं चालतं, रेंडर केलं की व्हेरिएबल सापडत नाही. कारण रेंडर कोऱ्या सत्रात होतं आणि तुमच्या कन्सोलमध्ये मात्र सकाळी कधीतरी हाताने बनवलेलं ते व्हेरिएबल अजून पडून असतं. आरस्टुडिओच्या सेटिंगमध्ये वर्कस्पेस साठवणं आणि परत उघडणं दोन्ही कायमचं बंद करा.

आरएन्व्ह: लॉकफाइल आहे, पण अपुरी आहे

'आरएन्व्ह::इनिट()' एकदा केलं, लॉकफाइल कमिट केली, झालं असं समजलं जातं. पुढे तीन महिन्यांत चार पॅकेजं नव्याने आली आणि लॉकफाइल ताजी करणारा 'स्नॅपशॉट()' कोणीच घेतला नाही. प्रत्येक पुशआधी 'आरएन्व्ह::स्टेटस()' चालवायची सवय लावली की निम्मे एरर येतच नाहीत.

लॉकफाइलीत काय असतं आणि काय नसतं हे लक्षात ठेवा. पॅकेजं आणि त्यांच्या आवृत्त्या असतात. आरची आवृत्ती नोंदलेली असते, पण आरएन्व्ह ती बसवून देत नाही. पँडॉक, क्वार्टो, लाटेक आणि जीडॅलसारख्या सिस्टिम लायब्ररी तर त्याच्या कक्षेबाहेरच. शिवाय नेहमीच्या पद्धतीत स्नॅपशॉट फक्त कोडमध्ये नाव दिसणारी पॅकेजं आणि त्यांची अवलंबित्वं उचलतो. जीजीप्लॉटमधला 'जिऑम-क्वांटाइल' चालायला 'क्वांटरेग' लागतं, पण 'लायब्ररी(क्वांटरेग)' अशी ओळ तुम्ही कुठेच लिहिलेली नसते. अशी पॅकेजं निसटू शकतात. उपाय साधा: 'अंडरस्कोर-डिपेंडन्सीज-डॉट-आर' नावाची फाइल करा, तिच्यात अशा पॅकेजांच्या 'लायब्ररी()' ओळी लिहा. ती चालवायची नाही, आरएन्व्हला दिसली की पुरे.

रिस्टोर करताना 'कंपायलेशन फेल्ड' आलं तर बहुधा आरची आवृत्ती पुढे गेलेली असते. विंडोजवर क्रॅन (आर पॅकेजांचं अधिकृत भांडार) जुन्या आवृत्त्यांची तयार बायनरी ठेवत नाही. जुनं पॅकेज स्रोतापासून बांधावं लागतं आणि त्यासाठी आरच्या आवृत्तीला जुळणारं आरटूल्स लागतं. आर ४.३ ला आरटूल्स ४३, आर ४.४ ला आरटूल्स ४४. त्या भानगडीत पडण्यापेक्षा दोन गोष्टी करा. 'रिग' नावाच्या साधनाने लॉकफाइलमध्ये लिहिलेली आरचीच आवृत्ती बसवा. एका मशीनवर अनेक आवृत्त्या सुखाने नांदतात. आणि रेपॉझिटरीचा पत्ता पॉझिट पॅकेज मॅनेजरच्या तारखेच्या स्नॅपशॉटकडे वळवा. त्या तारखेला जी पॅकेजं क्रॅनवर होती तीच मिळतात, तीही बायनरी स्वरूपात.

जुनं आर मार्कडाउन टेम्पलेट हाती आलं असेल तर त्यात 'चेकपॉइंट' पॅकेज आहे का पाहा. ते मायक्रोसॉफ्टच्या एम्रॅन संग्रहावर विसंबून होतं आणि एम्रॅन १ जुलै २०२३ रोजी निवृत्त झाला. त्या टेम्पलेटात तारीख कितीही काटेकोर लिहिलेली असली तरी पलीकडे आता कोणी नाही. पत्ता बदला, किंवा आरएन्व्हवर या.

एरर नाही, आकडा वेगळा

हा प्रकार सावकाश वाचा, कारण परीक्षकाच्या हाती सापडतो तो हाच.

यादृच्छिक नमुना दर वेळी तोच यावा म्हणून 'सेट.सीड(१२३)' लिहिलं आणि तरी नमुना वेगळा येतो? एका मशीनवर आर ३.६.० च्या आधीची आवृत्ती आहे का पाहा. २०१९ मधल्या ३.६.० मध्ये 'सॅम्पल()'ची नमुना काढण्याची मूळ पद्धतच बदलली. जुना निबंध पुन्हा चालवायचा असेल तर 'आरएनजीव्हर्जन("३.५.०")' सीडच्या आधी द्या. गणित अनेक कोअरवर वाटलेलं असेल तर साधं सीड पुरत नाही. फ्यूचर कुटुंबातली पॅकेजं वापरत असाल तर 'फ्यूचर.सीड = ट्रू' लागतं. आकडा दहाव्या दशांश स्थळी वेगळा असेल तर झोप उडवून घेऊ नका. ते बहुतेकदा ब्लास (मॅट्रिक्सचं गणित करणारी) लायब्ररीच्या फरकामुळे असतं.

वर्गवारीचा क्रम हा दुसरा चोर. 'फॅक्टर()'ला पातळ्या दिल्या नाहीत तर तो अक्षरक्रमाने लावतो आणि अक्षरक्रम मशीनच्या लोकॅलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) ठरतो. एका नोंदीत अकोला लहान अक्षराने सुरू केलेलं आणि पुणे मोठ्या अक्षराने, तर इंग्रजी लोकॅलमध्ये अकोला पहिलं येतं आणि 'सी' लोकॅलमध्ये पुणे. रिग्रेशनमध्ये संदर्भाचा गट बदलला की सगळे गुणांक बदलले. मॉडेल तेच, तक्ता ओळखू येत नाही. पातळ्या नेहमी हाताने लिहा. डीप्लायर १.१.० पासून 'अरेंज()' मजकूर 'सी' लोकॅलनेच लावतं, म्हणजे पॅकेज अद्ययावत करण्यानेही ओळींचा क्रम हलू शकतो.

आणि डेटा. महाराष्ट्राच्या जिल्हानिहाय आकडेवारीवर काम करणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावं. समजा स्क्रिप्ट दर वेळी संकेतस्थळावरून पावसाची ताजी फाइल उतरवते आणि तुमच्याकडच्या लोकसंख्येच्या फाइलशी जिल्ह्याच्या नावावर 'लेफ्ट-जॉइन' करते. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, पुढे अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्या दिवशी पलीकडच्या फाइलीत नवी नावं आली त्या दिवसापासून ३६ पैकी ३ ओळींत लोकसंख्येच्या जागी 'एनए', म्हणजे माहिती नाही, असं आलं. पुढच्या ओळीत 'मीन(…, एनए.आरएम = ट्रू)' आहे, म्हणजे 'एनए' वगळून सरासरी. एरर नाही, इशारा नाही. सरासरी ३३ जिल्ह्यांची निघाली आणि सारांशात हाताने टंकलेलं '३६ जिल्हे' तसंच राहिलं.

नावावर जोडू नका, कोडवर जोडा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे ४९७ नंदुरबार ते ५३१ सांगली असे आहेत आणि ते कोड आता बदलणार नाहीत. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून त्यात नाही. तो ठाण्यात मिळवायचा की वेगळा ठेवायचा हे एकदा ठरवून पद्धती विभागात लिहा. कच्ची फाइल एकदाच उतरवा, 'डेटा-रॉ' फोल्डरमध्ये ठेवा, तिला हात लावू नका. जोडणीच्या लगेच खाली 'स्टॉपइफनॉट(एनरो(जिल्हे) == ३६, !एनीएनए(जिल्हे))' ही ओळ घाला (पालघर ठाण्यात मिळवला असेल तर ३६ च्या जागी ३५). रेंडर तिथेच थांबेल, आणि थांबायलाच हवं.

सारांश वायएमएल शीर्षकात, म्हणजे पहिल्या चंकच्याही आधी येतो. त्यामुळे लेखभर इनलाइन कोड वापरणारे लोकसुद्धा तिथले आकडे हाताने टंकतात. शिळा आकडा सगळ्यात जास्त काळ तिथे टिकतो.

कच्च्या फाइलीचा ठसा विंडोज आणि लिनक्सवर वेगळा येत असेल तर डेटा बिघडलेला नाही, गिटने ओळीच्या शेवटची चिन्हं बदलली आहेत. 'डॉट-गिटॲट्रिब्यूट्स'मध्ये सीएसव्हीसाठी 'उणे-टेक्स्ट' लिहा. आणि १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेतच नाही. ती झेनोडो या संशोधनाच्या खुल्या भांडारात ठेवून तिचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) आणि ठसा रेपोत नोंदवा.

पाथ

थोडक्यात: 'सी:\यूजर्स\…' असा पूर्ण पाथ आणि 'सेटडब्ल्यूडी()' कुठेही नको, 'हिअर::हिअर()' वापरा. कोड चालताना चालू फोल्डर हे क्यूएमडी जिथे आहे ते असतं, प्रकल्पाचं मूळ नव्हे. मूळ हवं असेल तर वायएमएलमध्ये 'एक्झिक्यूट-डिर: प्रोजेक्ट'. फाइलीच्या नावातलं लहान-मोठं अक्षर विंडोज आणि मॅक चालवून घेतात, लिनक्स घेत नाही. फाइल-फोल्डरांची नावं रोमन लिपीत, विनास्पेस ठेवा. मराठीचा अभिमान निबंधाच्या मजकुरात दाखवता येतो.

लाटेक आणि टेम्पलेटची फाइल

'लोकल टेक लाइव्ह (२०२३) इज ओल्डर दॅन रिमोट रेपॉझिटरी (२०२४)' असा संदेश दर वसंतात कुणाला ना कुणाला येतो, फक्त साल बदलतं. टेक लाइव्ह हा लाटेकचा नेहमीचा संच, टायनीटेक ही त्याचीच छोटी प्रत. टेक लाइव्हची आवृत्ती वर्षाला एकदा बदलते. बदलली की जुन्या टायनीटेकला नवी पॅकेजं उतरवता येत नाहीत, आणि टेम्पलेटला हवी असलेली एखादी स्टाइल फाइल 'नॉट फाउंड' होते. लिखाण चालू असेल तर 'क्वार्टो अपडेट टायनीटेक' देऊन मोकळे व्हा. निबंध परीक्षकाकडे असेल आणि काहीच हलवायचं नसेल, तर टेक लाइव्हच्या ऐतिहासिक संग्रहातल्या त्या वर्षाच्या 'टीएलनेट-फायनल'कडे रेपॉझिटरी वळवा. मशीनवर मिकटेक (लाटेकचा दुसरा संच) आणि टायनीटेक दोन्ही असतील तर 'क्वार्टो चेक' कोणतं वापरलं जातंय ते दाखवतं.

'क्वार्टो यूज टेम्पलेट' ही आज्ञा एक्स्टेन्शनची प्रत 'अंडरस्कोर-एक्स्टेन्शन्स' फोल्डरमध्ये आणून ठेवते. हे फोल्डर कमिट करायचंच. अनेक जण ते 'डॉट-गिटइग्नोर'मध्ये टाकतात आणि सहलेखकाकडे 'एक्स्टेन्शन वाचता येत नाही' असा एरर येतो. त्यातल्या फाइलींत हाताने दुरुस्ती केलीत तर पुढच्या 'क्वार्टो अपडेट'मध्ये ती पुसली जाते. म्हणून बदल निबंधाच्या वायएमएलमध्ये 'इन्क्लूड-इन-हेडर'ने करा.

मजकुरात देवनागरी असेल आणि पीडीएफमध्ये चौकोन येत असतील किंवा जोडाक्षरं सुटी पडत असतील, तर टेम्पलेट पीडीएफलाटेकवर चालतंय का पाहा. तिथे काही होणार नाही. 'पीडीएफ-इंजिन: लुआलाटेक' करा, फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी, आणि 'मेनफॉन्टऑप्शन्स'मध्ये 'रेंडरर=हार्फबझ' व 'स्क्रिप्ट=देवनागरी' या दोन्ही ओळी घाला. पहिली विसरली की 'क्ष' आणि 'र्य' रुसतात. आलेखातल्या अक्षांवरची मराठी वेगळ्या वाटेने जाते. तिथे आलेखाचं डिव्हाइस 'कैरो-पीडीएफ' ठेवा.

कोऱ्या मशीनवर रोज

कोरी प्रत दर वेळी हाताने चालवायचा कंटाळा येतो, म्हणून ते काम गिटहबच्या कोऱ्या मशीनवर आपोआप आज्ञा चालवणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्सकडे द्या. पण 'उबुंटू-लेटेस्ट' लिहू नका. २०२४ अखेरीपासून हे नाव उबुंटू लिनक्सच्या २२.०४ वरून २४.०४ कडे सरकलं आणि ज्यांनी आरएन्व्हची लायब्ररी कॅश करून ठेवली होती त्यांच्याकडे 'लिबजीडॅल.एसओ.३०' उघडत नाही असा एरर येऊ शकतो. कारण २४.०४ वर ती ३४ आहे. 'उबुंटू-२४.०४' असं स्पष्ट लिहा, क्वार्टोची आवृत्तीही आकड्यात लिहा. आणखी घट्ट बांधायचं तर रॉकर प्रकल्पाची 'व्हर्स' ही डॉकर प्रतिमा (आर आणि लाटेक आधीच बसवलेलं तयार वातावरण) आरच्या आवृत्तीच्या टॅगसह वापरा. 'लेटेस्ट' टॅग इथेही नको.

निबंध पाठवताना वायएमएलमध्ये 'कीप-टेक: ट्रू' करून टेक फाइल काढून घ्या, बरीच नियतकालिकं तीच मागतात. त्या टेक फाइलीत मात्र हात घालू नका. परीक्षकाने सांगितलेली दुरुस्ती तिथे केलीत तर पुढच्या रेंडरमध्ये ती जाते, आणि दुसऱ्या फेरीत परीक्षक विचारतो की पान ७ वरची चूक तशीच कशी. दुरुस्ती क्यूएमडीत करा, पाठवलेल्या आवृत्तीला गिटमध्ये टॅग लावा, आणि त्या टॅगचं नाव पीडीएफच्या तळटिपेत छापा.